केस विंचरल्याचा आवाज

प्रिय आ-ल्येन,

हसू नकोस, पण मी सुटे भाग जोडून कॉम्प्युटर बनवलाय! या वयात, स्वतःच्या हातांनी. टीव्हीखालच्या कपाटात ठेवून सिनेमे बघायचा, आणि मुख्य म्हणजे अजिबात आवाज न करणारा. पत्र ताइतुंगला पोचेपर्यंतही मला धीर नाही, पण हे फोनवर सांगायचं नव्हतं.

झालं असं, की ज्याचे सगळे आवाज आपण दोघींनी स्टुडिओत केले, तो मिठागराचा सिनेमा दुरुस्त होऊन पुन्हा निघालाय. चित्र लख्ख, आवाज धुऊन काढल्यासारखा. मी लगेच डिस्क आणून जुन्या कॉम्प्युटरवर लावली. मिठावरची पावलं काय सुरेख वाजली! खरं मीठ माइकपुढे मीठ वाटेना, म्हणून तू खडीसाखर फोडून परातीत पसरलीस आणि दुसऱ्या दिवशी स्टुडिओभर मुंग्या झाल्या, ती पावलं. पण पुढे ती विधवा केस विंचरते ना, तिथे नुसती कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर. तुझेच केस होते ते. दिवसभर विंचरत बसली होतीस आणि दिग्दर्शक आपला ‘अजून हळू, अजून हळू’. मला इतका राग आला की सकाळीच क्वांगह्वाचा कॉम्प्युटर बाजार गाठला.

तिथे लाय नावाची चाळिशीची दुकानदारीण भेटली, तोंडाची भलतीच फटकळ. म्हणाली, “मावशी, नातवाच्या गेमसाठी का?” मी म्हटलं, “नातू नाही, गेम नाही. मला शांतता हवीय.” “मग देवळात जा की, माझ्या दुकानात कशाला?” पण पोरगी कामाची निघाली. सिनेमाला फार ताकद लागत नाही म्हणून तिने कमी तापणारा प्रोसेसर काढला, आणि सिनेमे साठवायला गरगर फिरणाऱ्या डिस्कऐवजी न फिरणारी. वीज पुरवणारा डबाही बिनपंख्याचा दिला. तो सुरू केला तर मला बारीक शिट्टी ऐकू आली. ती म्हणे, काहीच वाजत नाहीये. मी म्हटलं, वाजतंय, डासासारखं. शेजारचे दोन दुकानदार आले, तिघांनी डब्याला कान लावले. शेवटी लाय म्हणाली, “मावशी, तुम्ही माणूस आहात की वटवाघूळ?” तरी तिने डबा बदलला, एकदा नाही, दोनदा. तिसरा मुका निघाला.

पंखा मुळीच नको, हा माझा हट्ट मात्र फसला. तासाभरात कॉम्प्युटरची पेटी इतकी तापली की लाय म्हणाली, “आता यावर मुळ्याचा केक परता.” मग आम्ही पंखे ऐकत बसलो. खरंच, पाच पंखे, एकेक करून, डोळे मिटून, आणि तिने माझ्यासाठी दुकानातला रेडिओसुद्धा बंद केला! सगळ्यात मोठा आणि सगळ्यात आळशी पंखा निवडला, रबराच्या चकत्यांवर बसवला. घरी आणल्यावर कपाटाची फळीच गुणगुणायला लागली, तेव्हा पेटीखाली जाड लोकरी नमद्याचा तुकडा सारला आणि सगळं गप्प झालं.

सिनेमा आधी डिस्कवरून आत उतरवून घेतला, मग लावला. कंगवा ऐकू आला, आ-ल्येन! एकेक दात केसांतून उतरताना. आणि विंचरणं थांबल्यावर एक श्वास. तो त्या नटीचा नाही, तुझा आहे, माइकमध्ये चुकून शिरलेला. इतकी वर्षं कुणालाच कळला नव्हता. मी तिथेच तीनदा मागे नेऊन ऐकला.

आता खरं सांगते. पेई-रूने मला सगळं कळवलंय. लेकीवर ओरडू नकोस, ती रडत होती. तुझा डावा कान वर्षापूर्वीच गेला, आणि एकोणीस तारखेला उजव्या बाजूची गाठ काढणार आहेत, त्यानंतर तोही राहायचा नाही बहुधा. माझ्यापासून लपवलंस, त्याचं भांडण आपण सावकाश करू. या शनिवारी सकाळच्या गाडीने ये. उजवा कान पडद्याकडे करून बस, आपण दोघींनी केलेला एकेक आवाज ऐकून घे. हवा तितक्यांदा मागे नेईन. नंतरचीही काळजी करू नकोस. इथे गल्लीतल्या केंद्रात हातांनी बोलायची शिकवणी आहे, मी दोघींची नावं घालून आलेय. पहिल्या दिवशी ‘जेवलीस का?’ शिकवलं. आरशासमोर रोज घोकतेय, बोटं अजून अडखळतात, पण तुला कळेल एवढं येतं.

तुझीच,
ज्यू-मेई