बाबांच्या वाट्याची खीर

शॉमबर्ग,
१८ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,
स. जयभीम वि. वि.

जिंकलो रे! नागपूरच्या दुपारच्या मॅचसाठी इकडे पहाटे साडेपाचला लॅपटॉपसमोर बसले ते आता नऊ वाजत आले, तरी एका जागी बसवत नाही. तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. शेवटची पेनल्टी अडवली तेव्हा मी एवढ्यानं ओरडले की संजीव जिन्यावरून धावत खाली आला. त्याला वाटलं माझी नोकरी गेली.

पंचशील क्रीडा मंडळानं कप जिंकला! आपल्या वस्तीच्या, इंदोऱ्याच्या पोरांनी! बाबा ज्या संघात लेफ्ट बॅक खेळले आणि पुढे म्हातारे होईपर्यंत ज्याच्यासाठी घसा बसवून घेत राहिले, त्या संघानं आजवर काय केलं, तर फायनल गाठायची आणि शेजारच्या कामठीकडून मार खायचा. आज त्याच कामठीला हरवलं. आणि बघायला बाबा नाहीत. मी हसले, रडले, पुन्हा हसले. संजीव बिचारा कॉफी घेऊन नुसता उभा.

सगळ्यात जास्त आठवली ती फायनलच्या दिवशीची आईची खीर. सकाळपासून मोठं पातेलं चढलेलं असायचं. संघ हरला की बाबा तेच पातेलं लूनावर पायांशी ठेवून थेट कामठीला. जिंकणाऱ्यांचं तोंड गोड करायला जिगर लागते, असं त्यांचं म्हणणं. मी एकदा मागे बसून गेले होते. तिथे पोचल्यावर बाबांनी हसत हसत सगळ्यांना स्वतः वाढलं. स्वतः कधी चमचाभरसुद्धा खाल्ली नाही, अगदी बुद्धपौर्णिमेलाही. कप आल्यावरच खाईन म्हणायचे. गोलपोस्टला नारळ फोडणाऱ्या पोरांना अंधश्रद्धेवर तासभर भाषण देणारा माणूस! हा नवसच झाला की, असं आपण चिडवलं की म्हणायचे, नवस नाही, निर्धार आहे.

आता मुद्द्याचं. आईला सांगितलंस का? मागची फायनल हरलो आणि पंधरा दिवसांत बाबा गेले. तेव्हापासून तिनं घरात फुटबॉलचं नाव काढू दिलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. पण तेव्हापासून तिनं खीरही केलेली नाही. गोडाला हात लावत नाही. तुझ्याकडे आल्यापासून जेवते आणि खिडकीशी बसून राहते, असं ज्ञानदावहिनीच सांगते. मला भीती वाटते दादा. बाबांच्या मागोमाग तीही हळूहळू निघून चालली आहे असं वाटतं. निदान ही बातमी तिच्यापासून लपवू नकोस.

फोन करत नाही, कारण तू तो स्पीकरवर टाकतोस आणि आई शेजारीच असते. मेसेजला तू नुसता अंगठा पाठवतोस. म्हणून हे पत्र.

कळावे. लोभ आहेच, आज त्याला जरा भरती आली आहे इतकंच.

तुझी,
रोशनी


प्लेनो,
२२ ऑक्टोबर २०२५

चि. रोशनीस,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र आज मिळालं. उपदेश पोचला, पण उशिरा. जे व्हायचं ते शनिवारीच होऊन गेलं.

मीही पहाटे मॅच बघितली. गॅरेजमध्ये, गाडीत बसून, काचा वर करून. हरलो असतो तर कुणाला काही कळू न देता गाडी धुवायला निघून गेलो असतो. जिंकलो तेव्हा स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडलो आणि चुकून हॉर्न वाजला. समोरचे गोरे आजोबा गाऊन घालून बाहेर आले.

मग मी डोकं चालवलं. आईला निकाल सांगायचाच नाही. दुपारी रेकॉर्डिंग लावायचं आणि लाइव्ह आहे म्हणून सांगायचं. निकाल आपल्याला माहीत, म्हणजे तिच्या जिवाला घोर नाही आणि तिला फायनलची मजाही मिळेल. ज्ञानदा म्हणाली की हा शुद्ध मूर्खपणा आहे. आन्यानं तेच इंग्रजीत सांगितलं. आपली लेक बापाला किती ओळखते बघ. मी दोघींकडे दुर्लक्ष केलं.

तीन वाजता टीव्ही लावला आणि आईला म्हटलं, पंचशीलची फायनल चालू आहे, कामठीशीच. तिनं पडद्याकडे नीट बघून घेतलं, मग उठून आत गेली. मला वाटलं, संपलं, आता रडणार. मागोमाग गेलो तर तिनं दूध तापत ठेवलं होतं आणि ती ज्ञानदाला तांदळाचा डबा विचारत होती. रोशनी, मी तिथेच फ्रिजला टेकून उभा राहिलो.

मग ओट्यापासून टीव्हीपर्यंत आणि टीव्हीपासून ओट्यापर्यंत तिच्या फेऱ्या. पेनल्टी सुरू झाल्या तेव्हा तिनं आन्याचा हात असा दाबला की पोरगी कळवळली. जिंकल्यावर मी नव्यानं कळल्यासारखा नाचलो. आईनं गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि शांतपणे विचारलं, की नागपुरात आत्ता मध्यरात्र उलटून गेली असेल, मग मैदानावर एवढं ऊन कुठून आलं?

आन्या हसून हसून सोफ्यावरून खाली आली. आईला पहिल्या मिनिटालाच कळलं होतं. मग खीर का केलीस विचारलं तर म्हणाली, हरलेली मॅच तू मला दाखवली नसतीस, एवढी तुला ओळखते.

मी वाट्या काढायला लागलो, तर तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं आणि गाडी काढायला सांगितली. इथून अर्ध्या तासावर अर्विंगला कामठीच्या नुजहतआपा राहतात, आईला किराण्याच्या दुकानात भेटतात त्या. त्यांचे मिस्टर कामठीचे जुने गोलकीपर. त्यांच्याकडे खीर न्यायची म्हणे. मी समजावलं, की अगं, आपण जिंकलो, खीर न्यायची ती हरल्यावर. त्यावर ती म्हणाली, ती पद्धत तुझ्या बाबांची. जिंकणाऱ्यांच्या घरी गोडधोड असतंच, हरणाऱ्यांच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. बाबा कामठीत खीर वाढत असायचे, तेव्हा ती आपल्याला दूध-भाकरी कुस्करून द्यायची आणि स्वतः तशीच निजायची. कधी तिकडून एखादी वाटी इकडे आली असती तर बरं वाटलं असतं, एवढंच बोलली आणि चपला घालायला गेली.

आपल्याला ती दूध-भाकरी म्हणजे चैन वाटायची, आठवतं? मी गाडीची किल्ली उचलली.

तिथे खरंच पडदे ओढलेले होते आणि काका सकाळपासून अंथरुणात. आईनं त्यांना उठवून बसवलं आणि वाटी हातात दिली. पुढचं तीच लिहिणार आहे, मला लिहू देत नाही. संजीवरावांना जयभीम. माझ्यावर लोभ ठेव, डोक्यावर भरवसा नको ठेवूस.

तुझा,
प्रफुल्लदादा


प्लेनो,
२७ ऑक्टोबर २०२५

चि. रोशनीस,
अनेक आशीर्वाद.

प्रफुल्लनं तुझं पत्र मला वाचायला दिलं. मी खिडकीशी बसते, कारण या घरात ऊन तिथेच येतं. पण तू लिहिलंस ते अगदीच खोटं नाही. तू काळजी केलीस, बरं वाटलं.

नुजहतच्या नवऱ्यानं खीर खाल्ली आणि तुझ्या बाबांची आठवण काढून रडला. त्याच्या पायाची नडगी बाबांनी एकदा फोडली होती, ती खूण त्यानं पॅन्ट वर करून दाखवली. प्रफुल्ल तर माफी मागायला लागला. पण तो माणूस ती खूण मेडल दाखवावं तशी दाखवत होता. काल दोघं इकडे आले. पातेलं रिकामं कसं द्यायचं म्हणून नुजहतनं त्यात फिरनी भरून आणली होती. मी खाल्ली. छान करते.

एक गोष्ट प्रफुल्लला माहीत नाही. त्या दिवशी पातेल्यावर झाकण ठेवायच्या आधी मी एक वाटी काढून ठेवली होती. बाबांच्या वाट्याची. अर्विंगहून आल्यावर ती घेऊन त्यांच्या फोटोपाशी गेले. पुढे ठेवायला हात गेला, तसाच मागे घेतला. फोटो जेवत नसतो, हे लग्न होऊन आले तेव्हा त्यांनीच मला शिकवलं होतं. ठेवली असती तर रागावले असते.

म्हणून त्यांची वाटी मी खाल्ली. ते खात नाहीत म्हणून इतकी वर्षं मीही कधी चाखली नव्हती, हे तुम्हा पोरांच्या लक्षात आलं नाही.

साखर कमी असते गं माझ्या खिरीत. कुणी बोललंच नाही आजवर. तुम्हाला गोड असलं की पुरे, आणि कामठीचे लोक सभ्य. ते खाते तर पहिल्या घासालाच बोलले असते.

नाताळात तुझ्याकडे येते. साखर जास्तीची आणून ठेव. संजीवरावांना आशीर्वाद. माया आहे, ती सांगायची गोष्ट नाही.

तुझी आई,
रत्ना