चौथा प्लग आणि दुसरा हात

शीलो,
२७ फेब्रुवारी १९९१

चि. सौ. सिऊ-चूस,
वहिनीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

नव्या वर्षाचे पाहुणे गेले, गोड भाताची वडी संपली, घर पुन्हा आपलं झालं. पण आपल्या निळ्या गाडीचा खोकला काही जाईना. सपाट रस्त्यावर बरी चालते. पाठीवर रंगमंचाच्या फळ्या आणि बाहुल्यांच्या पेट्या घेऊन चढाला लागली, की अशी धापा टाकते की मलाच उतरून तिला पाणी द्यावंसं वाटतं.

तुझ्या दादाचं निदान असं, की प्लग काजळलेत, बदलले की झालं. गॅरेजात टाका म्हटलं तर बाबा ऐकेनात. नाटकवाल्यांच्या देवाची मूर्ती त्याच गाडीत सीटमागे बसलेली, तिला परक्याच्या छपराखाली ठेवायची नाही. शेवटी लाकडाच्या दोन चंद्रकोरी टाकून देवालाच कौल लावला. दोन्ही उताण्या पडल्या, म्हणजे देव नुसता हसला! बाबांनी अर्थ लावला, की घरातलं काम घरात करा असं देव म्हणतोय. मला विचारशील तर तो तुझ्या दादाकडे बघून हसला असणार.

कारण पुढचं ऐक. हा शहाणा बाजारातून गाडी घेऊन आला तो तसाच सीट उचलून कामाला लागला. इंजिन आपल्या बुडाखाली, तेही रसरसलेलं. तीन प्लग कसेबसे बदलले. चौथा पार मागे, पत्र्याला टेकलेला. तिथं हात गेला तर डोळा जात नाही आणि डोळा घातला तर हाताला जागा उरत नाही. जोर लावताना धुराच्या नळीवर उजव्या हाताची पाठ भाजली आणि हा असा किंचाळला, की शेजारच्या कोंबड्यासुद्धा ओरडायच्या थांबल्या. काळजी करू नकोस, हाड धड आहे. पण महिनाभर बाहुलीला हातच लावायचा नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलंय.

आता खरी पंचाईत सांगते. सतरा मार्चला भूमिदेवाचा वाढदिवस. वरच्या गावातल्या देवळात आपला खेळ ठरलेला. गाडी वर चढेना, आणि चढली तरी बाबा पहिला हात, मग तुझ्या दादाच्या जागी दुसरा हात कोण? दोन सेनापती आणि त्यांचे दोन शिपाई, ही लढाई एकट्याने कशी करायची? त्या दिवशी गावोगाव खेळ असतात, त्यामुळे भाड्यानेही कोणी मिळत नाही. देवळाचे अध्यक्ष निरोप धाडून मोकळे झाले, की जमत नसेल तर आत्ताच सांगा, आम्ही दिव्यांच्या गाडीवरच्या गाणाऱ्या पोरी बोलावतो. तेव्हापासून बाबा जेवणात मीठ नाही म्हणून माझ्यावर आणि जास्त झालं म्हणून मांजरावर चिडताहेत.

तुला एकटीलाच सांगते. दुसरा हात मी होऊ शकते गं. तू लग्न होऊन गेलीस तरी मी थांबले नाही. न्हाणीघरात नळ सोडते, हातात मोजा चढवते आणि त्याला चालायला, रडायला, तलवार फिरवायला लावते. सगळे खेळ मला पाठ आहेत. पण बाबांपुढे तोंड उघडायची हिंमत होत नाही. बाईच्या हाताला बाहुली चढत नाही, हे त्यांचं वाक्य तुलाही पाठ आहे.

जावईबापूंना नमस्कार. तुझ्या लोभात मला आहे तेवढी जागा राहू दे.

तुझी वहिनी,
बी-हा

---

काओश्युंग,
३ मार्च १९९१

ती. सौ. वहिनीस,
सिऊ-चूचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग दादाच्या हाताचं वाईट वाटलं, मग पुन्हा हसले. लहानपणी गरम रताळं असंच हिसकावून घ्यायचा आणि मग नाचायचा. त्याला सांग, बहीण म्हणते, थंड व्हायची वाट बघायला पैसे पडत नाहीत.

तुझं पत्र आमच्या ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं, न्हाणीघराचा मजकूर वगळून. गोदीत दिवसभर मालाच्या टेम्पोंची इंजिनं उघडतात, त्यामुळे चौथा प्लग म्हटल्यावर जेवण टाकून बोलायला लागले. म्हणतात, इंजिन रात्रभर थंड होऊ द्यायचं. जुना प्लग काढण्याआधी भोवतालची धूळ सायकलच्या पंपाने उडवायची, नाहीतर सगळा कचरा आत. तारा काढताना प्रत्येकीला खूण करायची. आणि नवा प्लग पान्याने सुरू करायचा नाही, बोटांनीच करायचा. तिथला धातू मऊ असतो. वाकडा बसला तर आटे जातात आणि मग अख्खं इंजिन उघडावं लागतं. तेवढं झालं, तर भूमिदेवाचा वाढदिवस घरी बसूनच साजरा करा म्हणाले. बसच्या ड्रायव्हरकडे मान वळवता येणारा पाना आणि रबरी नळीचा तुकडा दिलाय. प्लगची शेपटी नळीत खोवायची आणि नळी बोटांत फिरवायची.

आता तुझ्या न्हाणीघराबद्दल. वहिनी, तू एवढी वर्षं नळ सोडून बसतेस आणि बाबांना वाटतं सुनेला स्वच्छतेची आवड आहे! माझ्या मोज्यांना तर कधीच भोकं पडली. इथं सकाळी न्याहारीच्या दुकानात अंडी परतते आणि गिऱ्हाईक नसलं, की उलथन्यालाच सेनापती करते. पण तू माझ्यासारखी करू नकोस. मी बाबांची मुलगी असून विचारलं तेव्हा त्यांनी नाही म्हटलं, आणि मी परत कधी विचारलं नाही. तू विचार. फार तर काय होईल? एक दिवस जेवणार नाहीत, मीठ तुझ्या मनासारखं घाल.

दादाच्या हाताला कोरफड लाव. मला पत्र टाकायला उशीर केलास तर रुसेन आणि तो रुसवा काढायला तुलाच यावं लागेल.

तुझी,
सिऊ-चू

---

शीलो,
९ मार्च १९९१

चि. सौ. सिऊ-चूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

घाईत लिहितेय, अक्षर वाकडं आलं तर समजून घे. पाना आणि नळी मिळाली. काल सकाळी न्याहारीनंतर गाडी अंगणातच उघडली. इंजिन गार होतं, मी दोनदा हात लावून पाहिलं. तारांना मी पोशाखांचे रंगीत दोरे बांधले. तुझा दादा एका हाताने हुकूम सोडत होता, बाबा बॅटरी धरून होते, आणि सीटच्या खळग्यात पालथी मी. घरात चांगला हात माझाच उरला होता ना.

जुना प्लग तुमच्या पान्याने निघाला. पण नवा जाता जाईना. नळी त्या वळणावर मोडायची आणि प्लग सुटून खाली पडायचा. मग चुंबकाने उचला, पुसा, पुन्हा तेच. तुझा दादा वैतागून म्हणाला, की पान्यानेच बसव एकदाचा. मी म्हटलं, आटे गेले तर तूच ढकल गाडी डोंगरावर. बाबा म्हणाले, राहू द्या आता, अध्यक्षांना नाही कळवतो. हे त्यांनी इतक्या हळू आवाजात म्हटलं, की मला सहनच झालं नाही. मी नळी फेकली आणि नुसता हात आत घातला.

सिऊ-चू, तिथं एका बाजूला धुराची नळी, दुसऱ्या बाजूला पत्रा. मूठ मावत नाही, चिमूट पोचत नाही. हात एकाच रीतीने जातो. तळवा वर, पहिलं बोट ताठ, अंगठा आणि मधलं बोट दोन बाजूंना. बाहुलीत जातो तसा, कळलं ना तुला? मी डोळेच मिटून घेतले. रंगमंचामागे हात डोक्यावर धरून कुठे दिसते आपल्याला बाहुली! प्लग पहिल्या बोटाला टेकवला, दोन बोटांनी आधी उलटा, हळूच उलटा फिरवला. एका जागी तो टिक करून खाली बसला, म्हातारी पायरीवर बसते तसा. मग सुलटा फिरवला आणि लोण्यात जावा तसा गेला. मी आतच ओरडले, डोकं सीटच्या कडेवर आपटलं, तरी हसतच होते.

वर बघते तर बाबांच्या बॅटरीचा झोत इंजिनावर नव्हताच. तो माझ्या मनगटावर होता. त्यांनी विचारलं, की हा हात कोणी बसवला? मी म्हटलं, बाबा, तिथं नळी आहे, हात दुसरा कसा जाणार? ते म्हणाले, मी नळीचं विचारत नाहीये, हाताचं विचारतोय. मी न्हाणीघरात धुणं आहे म्हणून पळाले.

तोवर तुझ्या दादाने डाव्या हाताने तारा लावल्या. एवढे दोरे बांधूनही हिरव्याच्या जागी पिवळी लावलीच. गाडीने असा बार काढला, की गल्लीतले लोक वरात आली समजून बाहेर आले. तारा सरळ केल्यावर मात्र इंजिन असं गुरगुरायला लागलं! सगळं सामान लादून आम्ही वरच्या गावापर्यंत जाऊन आलो. चढावर एकदाही दम खाल्ला नाही.

परत येताना बाबांनी पेटीतून म्हातारीची बाहुली काढली आणि माझ्या मांडीवर टाकली. म्हणाले, चालव हिला, समोरच्या फळीवरून. मी चालवली. ती खोकली, थांबली, कंबर धरून मागे वळून बघितलं तिनं. तुझा दादा हसू दाबत गाडी हाकत होता. बाबा सबंध वेळ खिडकीबाहेर बघत होते, मात्र काचेत त्यांचे डोळे मला दिसत होते. घर आल्यावर उतरता उतरता एवढंच म्हणाले, की मान ताठ आहे. पुढे ना हो, ना नाही. रात्री जेवले, भात पुन्हा मागून घेतला. मला खूप भीती वाटतेय आणि खूप आनंदही होतोय, दोन्ही एकदमच. तुझं नाव मी घेतलं नाही, ती काळजी नको.

जावईबापूंना सांग, त्यांच्या पान्याला मी तेल लावून ठेवलंय. माझ्यासाठी देवाशी चार शब्द बोल, आणि माया आहे तशीच ठेव.

तुझी वहिनी,
बी-हा

---

शीलो,
१२ मार्च १९९१

चि. सौ. सिऊ-चूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मी स्वतः पत्र लिहितोय म्हणजे घरात कोणी गेलं असं समजून रडत बसू नकोस. सगळे धड आहेत. तुझ्या दादाच्या, थिएन-हुआतच्या हाताची जखम सुकतेय, जीभ पहिल्यासारखीच चालते.

गाडी चढ चढते. देवळाच्या अध्यक्षांना जाऊन सांगितलं, की आम्ही येतोय. त्यांनी विचारलं दुसरा हात कोण, मी सांगितलं माझी सून. त्यांचं तोंड उघडं राहिलं, मी त्यात मानाची सुपारी घातली आणि घरी आलो. थिएन-हुआत विचारत होता, देवाला कौल लावला का? नाही लावला. माझ्या घरचा हात मला कळतो.

तीन दिवस तिला उभं केलंय. मान ताठ होती, ती सुटली. तलवार जरा घाईने काढते. म्हातारी मात्र अशी चालवते, की मला तुझी आजी आठवली. रात्री मी अंथरुणावर पडल्या पडल्या हसलो, हे तिला सांगू नकोस, डोक्यावर बसेल.

एक खोड तेवढी आहे. वळताना तिचा हात उलटा वळतो. आमच्याकडे मागे उभं राहून शिकलेल्या कोणाचाच तसा वळत नाही. जो समोर बसून, बाहुलीकडे बघून बघून शिकतो, त्याचंच डावं उजवं असं फिरतं. तिनं तर समोर बसून आमचा खेळ कधी पाहिला नाही, लग्न होऊन आली तेव्हापासून मागे दिवेच सांभाळते. मी तिला काही विचारलं नाही. पडद्याच्या फटीतून मला पहिली रांग दिसायची. तिथं एक पोरगी ऊस चघळत बसायची आणि तिचा दुसरा हात मांडीवर माझ्याबरोबर हलत असायचा. तो उलटा वळायचा.

यंदाच्या खेळात नवरी आहे. सेनापती आणि शिपाई लढत असताना तीही रंगमंचावर लागते. माझे दोन हात, बी-हाचे दोन, पाचवा कुठून आणू? पंधरा तारखेच्या संध्याकाळपर्यंत ये. न्याहारीचं दुकान जावईबापू बघतील, अंडी काय कोणालाही परतता येतात. उलटं वळणं मी एका दिवसात सरळ करून देतो. नवरीचे कपडे जुन्या रेशमाचे आहेत, आतली शिवण नाजूक आहे.

येताना नखं कापून ये.

तुझे
बाबा