यमूच्या डोळ्यांपुढची काडी

रत्नागिरी, शुक्रवार, दिवेलागण. १९३१.

आज मोठे भावोजी माझ्यापुढे हात जोडून उभे राहिले आणि मला बरं वाटलं. वाटू नये का? का नये?

माझ्या यमूचे वडील बोटीवर नोकरीला, म्हणून तिच्या लग्नाचं भावोजींनीच ठरवलं. तेरा वर्षांची पोर राजापूरच्या बिजवराला दाखवायची, त्याच सकाळी तिची नजर गेली. डॉक्टर म्हणाले, "डोळे चांगले आहेत. हे भीतीमुळे झालंय." भावोजी म्हणाले, "सोंग करत्ये!" आणि पेटती काडी तिच्या डोळ्यांपुढे धरली. धग लागली तेव्हा कुठे पोर मागे सरली.

बिजवर टळला. पण या घराण्यात आंधळेपण आहे असा गावभर बोभाटा झाला, आणि आता भावोजींच्या चंपाचं ठरलेलं लग्न मोडायला आलंय.

"यमूचं हे रक्तातलं नाही, एवढं चारचौघींत सांग ना," म्हणाले.

"तुम्हीच सांगा, भावोजी. व्याह्यांकडे जा आणि म्हणा, पुतणी माझ्या धाकानं आंधळी झाली. डॉक्टर साक्ष देतील."

जोडलेले हात सोडून ते निघून गेले.

चंपा गुणाची पोर, तिचा काय दोष? कळतं मला. पण ती काडी आठवते, आणि मग काही कळेनासं होतं.

आत्ताच जाऊबाई रडत सांगून गेल्या, भावोजी व्याह्यांकडे निघालेत. जाऊ देत. माझ्या पोरीपुढे नाही वाकली, ती मान परक्याच्या ओसरीवर तरी वाकेल.