डाग जिवंत की मेलेला

३ मार्च

चि. बारकीस, अनेक आशीर्वाद.

गेल्या वर्षी डोक्यातली गाठ काढली, रेडिएशन झालं आणि मी सुटलो असं धरून चाललो होतो. पण परवाच्या एमआरआयमध्ये त्याच जागी पांढरा डाग दिसला. सर्जन म्हणतात, गाठ परतली असावी, डोकं पुन्हा उघडावं लागेल. डाग बोलण्याच्या केंद्राला अगदी चिकटून आहे, त्यामुळे वाचा जाऊ शकते. तीस वर्षं कोर्टात दुभाष्याचं काम केलं, दुसऱ्यांचं बोलणं पोचवण्यात जन्म गेला. आता माझं कोण पोचवणार? ऑपरेशनला अठ्ठावीस तारीख दिली आहे. तुझी वहिनी मला धीर देते आणि स्वयंपाकघरात जाऊन रडते. तू रोज त्या एमआरआयच्या यंत्रापाशी असतेस, म्हणून तुला लिहितो.

तुझा दादा

७ मार्च

ती. दादास, शि. सा. न.

पत्र मिळालं. तू हातपाय गाळू नकोस. रेडिएशनने मेलेला भागही साध्या एमआरआयवर गाठीसारखाच पांढरा दिसतो. फरक रक्तात असतो. जिवंत गाठ रक्त ओढते, मेलेला भाग ओढत नाही. शिरेतून औषध सोडून त्या डागात किती रक्त पोचतं याचा रंगीत नकाशा आम्ही काढतो, डागातली रसायनंही मोजतो. सर्जनना विचार, ते नाही म्हणणार नाहीत. चिठ्ठी घेऊन तडक इकडे ये. तुझा तो किल्ल्यांचा जुडगा मात्र घरी ठेव, नाहीतर यंत्रातलं लोहचुंबक तुझ्याआधी त्यालाच आत ओढून घेईल.

वहिनीस नमस्कार. काळजी माझ्याकडे पाठवून दे.

तुझी बारकी

१४ मार्च

चि. बारकीस, अनेक आशीर्वाद.

काल घरी पोचलो. तुझं काम पाहून ऊर भरून आला. तू माईकवरून हलू नकोस म्हणायचीस आणि मी समजलं म्हणून मान डोलवायचो. कोर्टातली खोड, दुसरं काय! फोटो दोनदा वाया गेले. दुसरी कोणी असती तर खेकसली असती. तू आत आलीस, माझ्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना स्पंज ठासलेस आणि म्हणालीस, "दादा, तुला समजलंय हे मला समजलंय." मग कुठे मी स्थिर झालो.

बाहेर आल्यावर विचारलं, तर डॉक्टर सांगतील म्हणालीस आणि खाली बघत पट्टे सोडवत राहिलीस. साक्षीदारांचे चेहरे वाचण्यात माझी हयात गेली आहे. समजायचं ते समजलो. घरी आल्यावर तुझ्या वहिनीला समोर बसवलं आणि वाचा आहे तोवर सांगून टाकलं, की कोर्टात लागण्याआधीची माझ्या बेकारीची तीन वर्षं तिने एकटीने घर ओढलं आणि मी एकदाही तसं म्हणालो नाही.

तुझ्यावर राग नाही, हे मनात ठेव.

तुझा दादा

१९ मार्च

ती. दादास, शि. सा. न.

डाग मेलेला आहे आणि ऑपरेशन रद्द, हे सर्जननी तुला फोनवर सांगितलंच. तरी लिहिते, कारण तू माझा चेहरा साफ चुकीचा वाचलास. नकाशा पडद्यावर उमटला तेव्हाच डाग निळा दिसला होता, म्हणजे रक्त जवळजवळ नाहीच. वर पाहिलं असतं तर डोळ्यांनी सगळं सांगून टाकलं असतं. पण मी तंत्रज्ञ. निकाल आमच्या रेडिऑलॉजिस्ट बाईंनी द्यायचा. त्यांनी तुझे जुने फोटो शेजारी लावले, रसायनांचे आकडे दोनदा पडताळले आणि मगच सही केली. अशा बाईंच्या हाताखाली काम करते, याचा मला फार अभिमान आहे. दोन महिन्यांनी पुन्हा तपासायचं आहे, तेव्हा ये.

वहिनीस नमस्कार, आणि माझ्यावरची माया आहे तशीच ठेव.

वीस वर्षं मी पेशंटना डॉक्टर सांगतील म्हणते आणि पुढच्याला आत घेते. ती माणसं घरी जाऊन काय काय सांगून टाकत असतील, हे तुझं पत्र वाचेपर्यंत माझ्या मनातही आलं नव्हतं.

तुझी बारकी