एकट्या माणसाला घर देऊ नये

प्रिय चिंगे,

परवा फोनवर तू विचारलंस की दोनपैकी कोणता फ्लॅट घेऊ, आणि मी लिहून कळवतो म्हणालो, तेव्हा तू हसलीस. हस बापडी. फोनवर मी मुद्द्यावर येईपर्यंत तुझी मीटिंग येते आणि माझा मुद्दा तोंडातच राहतो. कागदाला मीटिंग नसते. रविवारपर्यंत तुला बयाणा द्यायचा आहे हे माझ्या लक्षात आहे. पत्र शुक्रवारी पोचेल, म्हणजे तुझ्या हातात दोन दिवस राहतील.

आधी घर बघण्याबद्दल. भाड्याने द्यायचं घर विकत घेताना ते आपल्याला आवडलं का, हे विचारायचंच नाही. तिथे आपण राहणार नसतो. राहणाऱ्याला सकाळी सात वाजता पाणी मिळतं का, ते बघायचं. पाणीपुरवठ्यात चौतीस वर्षं काढलेला तुझा बाप सांगतोय, दुपारी कुणाच्याही नळाला धार असते. सगळी इमारत कामाला निघायच्या घाईत असते तेव्हा जा आणि घरातले सगळे नळ एकदम सोड. सिंकखालच्या कपाटात डोकं घालून वास घे. चारांपैकी एकाच भिंतीला ताजा रंग दिसला तर त्या भिंतीवर तळहात ठेव, ओल असली तर कळतेच. मालक सांगेल ते ऐक, पण खरं काय ते वरच्या मजल्यावरच्या बाईला विचार. तुझी आई तर बाथरूममध्ये दार लावून पाच मिनिटं नुसती उभी राहायची, शेजारचं किती ऐकू येतं ते बघायला. बाहेर एजंट घाम पुसत बसायचा. कागदपत्रं आपल्या वकिलाकडूनच तपासून घे. विकणाऱ्याने आपल्या ओळखीचा वकील पुढे केला तर त्याला चहा पाज आणि वाटेला लाव. आणि भाड्यातून कर्जाचा हप्ता भागेल या भरवशावर राहू नकोस, कारण वर्षातून एखाददोन महिने घर रिकामं राहणार हे धरूनच चालायचं असतं.

तुला आठवत असेल, आपला तो छोटा फ्लॅट आईच्याच हट्टाने घेतलेला. माझं म्हणणं होतं, एक घर झाडून होत नाही, दुसरं कशाला? ती म्हणाली, म्हातारपणी पोरीपुढे हात पसरायला नको म्हणून. तिने भाडेकरूंसाठी कायदेच केले होते. नळ गळतो असा निरोप आला की त्याच दिवशी जायचं, कारण आज वॉशर बदलला नाही तर उद्या खालच्याचं छत गळतं. न विचारता दारात उभं राहायचं नाही. घर ताब्यात देताना प्रत्येक भिंतीचा फोटो काढायचा आणि त्यावर दोघांनी सही करायची, मग समोरचा साक्षात देवमाणूस असला तरी. आणि सगळ्यात मोठा कायदा असा की भाडेकरूच्या घरी पाणी प्यायचं, चहा नाही. चहा प्यायला की भाडं वाढवायला जीभ रेटत नाही, असं ती म्हणायची. वीस वर्षं मी त्या घरात पाना घेऊन वाकलो आणि पाणी पिऊन परत आलो. ती दोन जुळी कॉलेजची पोरं होती, तो पाव भाजणारा आणि त्याची अबोल बायको होती, शेवटी ती नर्स. एवढी माणसं होऊन गेली, पण चहा एकाकडेही घेतला नाही.

भाडेकरू निवडणं हे लग्न जमवण्यापेक्षा अवघड आहे, कारण इथे पत्रिकाही नसते. आधीच्या मालकाला फोन कर. आत्ताच्या मालकाला नको, त्याला ब्याद टळायला हवी असेल तर तो गोडच बोलेल. आमच्या एजंटचा आणखी एक नियम होता आणि मीही तो डोळे झाकून पाळला, की एकट्या म्हाताऱ्या माणसाला घर देऊ नये. पडला तर कोण बघणार, आणि काही झालं तर दार कोण फोडणार? हा नियम तुला सांगायलाच हवा, म्हणून सांगितला.

तो मी एकदाच वापरला. जुळ्या पोरांनी घर सोडलं तेव्हा एक गृहस्थ आले. घड्याळं दुरुस्त करायचं त्यांचं दुकान होतं, ते नुकतंच बंद केलेलं. नळ-बिळ त्यांनी काही बघितलं नाही. खिशातून रुमाल काढून खिडकीची कड पुसली. मग भिंतीशी वाकून, पलंग मावेल का ते वितीने मोजत गेले. नऊ विती भरल्या. इतके खूष झाले की मला हात धरून ती जागा दाखवली. आणि मी म्हणालो, माफ करा, घर कालच दिलं. कुणालाही दिलं नव्हतं, चिंगे. ते म्हणाले, असू दे, उजेड चांगला आहे, ज्याला मिळालं त्याचं नशीब. जाताना दार त्यांनी हळू ओढून घेतलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे सगळं ऐकत होती. रात्री जेवताना म्हणाली, आपण काय जन्मभर जोडीनेच राहणार आहोत का? मला तेव्हा वाटलं, ही उगाच मनाला लावून घेते.

आता मी तुझ्याशीही खोटं बोललोय, तेही सांगून टाकतो. नर्सबाई गेल्यापासून घर रिकामं आहे, कुणी येतच नाही, बाजार थंड आहे, असं मी चार महिने तुला सांगतोय. बाजाराला काही झालेलं नाही. माणसं येतात, आठवड्याला दोन-तीन तरी येतातच. मी दाढी करतो, इस्त्रीचा शर्ट घालतो आणि अर्धा तास आधी जाऊन खिडक्या उघडून ठेवतो. मग नळ दाखवतो, आईने निवडलेल्या फरश्या दाखवतो, गॅलरीतून बाजार कसा जवळ आहे ते दाखवतो. लोक विचारतात, बोलतात, कुठून आलो ते सांगतात. तास सहज जातो. आणि नंतर मी एजंटला कळवतो, नको, जमणार नाही. कारण होकार दिला की त्या घराची किल्ली गेली आणि पुढच्या आठवड्यात माझ्याकडे कोण येणार? शेवटी एजंटच वैतागला. म्हणाला, काका, तुम्हाला भाडेकरू नकोत, पाहुणे हवेत. मला राग आला, पण दोन दिवसांनी उतरला, कारण त्याचं काही चुकलं नव्हतं.

आई गेल्यावर तू मला दोनदा बोलावलंस. दोन्ही वेळा मी म्हणालो, माझं सगळं इथे आहे. तिसऱ्यांदा तू विचारलं नाहीस, आणि तुझं बरोबरच होतं. तुमच्या दोन खोल्या, त्यात जावईबापूंचं कामाचं टेबल. मी तिथे आलो असतो तर रोज सकाळी आधी कोण आंघोळीला जाणार यावरून आपण एकमेकांना लांबूनच बरे वाटायला लागलो असतो. पण माझं सगळं इथे आहे हे मात्र खरं नव्हतं. इथे एक कपाट आहे, रेडिओ आहे आणि दोन घरांच्या किल्ल्या आहेत.

तर आता तुझा प्रश्न. गेल्या महिन्यात दोन दिवस तुझ्याकडे आलो होतो, तेव्हा तू कामावर गेलीस आणि मी दोन्ही फ्लॅट बघून आलो. मोठ्या हॉस्पिटलजवळचा फ्लॅट घेण्यासारखा आहे. पाणी उत्तम, लिफ्ट नवी, आणि नर्सेस, शिकाऊ डॉक्टर यांची तिथे कायम रीघ असणार. भाडं चांगलं येईल, विकायला गेलीस तर हातोहात जाईल. कुठल्याही शहाण्या माणसाला विचार, तो हाच सांगेल. तुझ्याच गल्लीतला, समोरच्या इमारतीतला तळमजल्याचा फ्लॅट लहान आहे, सिंकखाली वास येतो, आणि खिडकी उघडली की दिसते फक्त तुझी गॅलरी. भाडं कमी येईल आणि भाडेकरू शोधता शोधता दमशील.

हा दुसरा घे, असं सांगायला मी हे पत्र लिहिलं. चौतीस वर्षं लोकांना पाण्याबद्दल खरं तेच सांगितलं, आज पहिल्यांदा माझ्या सोयीचा सल्ला देतोय, म्हणून आधी खरा सल्ला लिहून टाकला. तिथल्या आतल्या खोलीची भिंत मी वितीने मोजली, चिंगे. मोजून झाल्यावर आठवलं की असं आणखी कुणी केलं होतं. नऊ विती भरतात, माझा पलंग मावतो. तर त्या घरासाठी हा माझा अर्ज समज. एकटा म्हातारा, आवाज नाही, नळ स्वतः दुरुस्त करतो. इथली दोन्ही घरं भाड्याने देईन, या वेळी नक्की. तुला भाडं बाजारभावाने देईन, बाप म्हणून सवलत नको, भिंतींच्या फोटोंवर सही करीन. आईचा चहाचा कायदा तेवढा तुला मोडावा लागेल, आठवड्यातून एकदा तरी. जमत नसेल तर हॉस्पिटलजवळचा घे, मी मनापासून शाबास म्हणेन. फक्त नाही म्हणायचं असेल तर सरळ नाही म्हण. घर कालच दिलं असं मात्र सांगू नकोस.

तुझाच,
बाबा