वाकलं की दुखत नाही

दि. ३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर मी नुसता हुंकार भरतो, तेव्हा जे काही असेल ते कागदावर लिही, असा तुझा हुकूम. म्हणून दुकानात गिऱ्हाईक नसताना लिहितोय. मागच्या पंधरवड्यात ताप येऊन गेला. तो गेला, पण छातीत मधोमध टोचायला लागलंय. श्वास भरून घेतला की जास्त, आडवं झालं की विचारूच नकोस. भिंतीवरचं मोठं घड्याळ दुरुस्तीला उतरवताना स्नायू धरला असणार, हे माझं निदान. हिचं म्हणणं, आधी डॉक्टर गाठा. घरात कुणी शिंकलं तरी हिला डॉक्टर हवा असतो.

तू मेडिकल कॉलेजात जन्मभर शरीररचना शिकवलीस. घाबरण्यासारखं काही नाही, एवढं हिला दोन ओळींत कळव, म्हणजे माझी सुटका होईल. तुझा गुडघा कसा आहे? लोभ आहेच, तो वाढता ठेव.

तुझा,
धाकटा


दि. ८ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दोन ओळी लिहिते, पण तुला हव्यात त्या नव्हेत. तुझी बायको बरोबर बोलते आहे.

नीट वाच. हृदय छातीत मोकळं लोंबत नसतं. त्याच्याभोवती एक पिशवी असते, हृदयावरण म्हणतात तिला. बाहेरून चिवट, आत दोन गुळगुळीत पापुद्रे, आणि त्यांच्यामध्ये दोन-तीन चमचे पाणी, घर्षण होऊ नये म्हणून. तापानंतर ही पिशवी कधी कधी सुजते. मग पापुद्रे एकमेकांवर घासतात आणि तुझ्यासारखं टोचतं. एक करून बघ. उताणा झोप, मग उठून बस आणि पुढे वाक. वाकल्यावर दुखणं कमी झालं तर तो स्नायू नाही. मग त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन ईसीजी काढायचा. 'त्याच दिवशी'खाली मी दोन रेघा मारल्या आहेत, त्या बघ.

गुडघा आहे तसाच आहे. विषय बदलू नकोस.

तुझी,
ताई


दि. १३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मानलं तुला! तुझा उपाय रामबाण निघाला. उताणा झालो की जीव जातो, आणि पुढे वाकलो की दुखणं गायब. मग डोक्यात प्रकाश पडला, की अगं, माझा धंदाच वाकण्याचा! आता सकाळी नऊला डोळ्याला भिंग लावून टेबलावर वाकतो तो दिवे लागेपर्यंत. दुपारी आडवं होणं बंद केलं. झोपतोही टेबलावरच, उशीवर डोकं टेकून. साचलेली सगळी घड्याळं हातावेगळी झाली. गिऱ्हाइकं चकित आहेत.

ही मात्र धुसफुसते. ईसीजीचं म्हणशील, तर दुखणं थांबवायची युक्ती हाती आल्यावर तिथे जाऊन सांगू काय? तुझ्या विद्येला साष्टांग नमस्कार. अशीच कृपा असू दे.

तुझा,
धाकटा


दि. १७ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. (द्यावासा वाटत नसतानाही.)

पत्र वाचून कपाळावर हात मारून घेतला. अरे गाढवा, ती युक्ती नव्हती, ती परीक्षा होती! वाकल्यावर बरं वाटतं याचा अर्थ तू आजारी आहेस. बत्तीस वर्षं शिकवलं मी. वर्गात एकेक दगड बसलेले असायचे, पण रोगाच्या खुणेलाच औषध समजून दिवसभर घेत बसणारा एकही निघाला नाही. तो मान माझ्या सख्ख्या भावाला मिळायचा होता.

या दुखण्यात विश्रांती हे अर्धं औषध, आणि तू दिवसभर राबतोयस. चूक माझीही आहे. तुला कोडं घालायला नको होतं, नुसतं जा म्हणायला हवं होतं. तर आता म्हणते, जा. पत्र मिळताच दुकानाला कुलूप लाव आणि जा. मला इकडे अन्न गोड लागत नाही.

ताई


दि. २२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं, कान लाल झाले. पण आता राग सोड, कारण जायचं ठरवलं आणि परवापासून दुखणंच पळालं! मुळीच टोचत नाही. वाकलो काय, ताठ बसलो काय, सारखंच. मी जिंकलो असं एकदा लिहून पाठव, फ्रेम करून दुकानात लावतो.

जिना चढताना जरा धाप लागते, ती इतके दिवस बसून राहिल्यामुळे. पायही सुजलेत, बूट चढत नाहीत, चपला घालून दुकानात येतो. सदऱ्याचं गळ्याचं बटण लागत नाही, आरशात मानेवरची शीर टरारलेली दिसते. अंगाला लागतंय म्हणायचं! ही मात्र अजून डॉक्टरचंच पालुपद धरून आहे.

लोभ कमी करू नकोस.

तुझा,
धाकटा


दि. २९ मार्च

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

हे दुकानातला फोन उचलेनात, तेव्हा तुम्ही शेजारच्या चष्मेवाल्याला केलात, हे फार बरं केलंत. यांना खुर्चीसकट उचलून आण, असं तुम्ही त्याला बजावलंत म्हणे. त्याने खरंच खुर्चीला हात घातला, तेव्हा हे उठले. उठले म्हणजे, हातातल्या घड्याळाचं झाकण बसवायला आधी पाच मिनिटं मागून घेतली! तीन आठवडे मी कंठशोष करत होते वन्सं. भिंतीशी बोलले असते तर भिंत हलली असती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनाच समजावत होते, की दुखत नाही म्हणजे मी बरा आहे. त्यांनी सोनोग्राफी केली आणि तुम्ही फोनवर म्हणालात तेच सांगितलं. दोन पापुद्र्यांमध्ये पाणी साठून ते एकमेकांपासून लांब गेले, घासायचे थांबले, म्हणून दुखायचं थांबलं. बाहेरचं आवरण लवकर ताणलं जात नाही, त्यामुळे सगळा दाब हृदयावर. ते धड भरतच नव्हतं. रक्तदाब अगदी खाली आला होता. अजून एक दिवस घरी ठेवलं असतं तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

छातीच्या हाडाखालून सुई घालून पाणी काढलं. जवळजवळ पाऊण लिटर. मी बाहेर बाकावर बसले होते. इतका राग आला होता की रडूही येईना. धोका टळला असं कळलं, तेव्हा मात्र जे रडू फुटलं, ते त्या बिचाऱ्या चष्मेवाल्यासमोर. त्याने गोंधळून माझा चष्मा काढून घेतला आणि पुसत बसला.

उरलेलं पाणी निघायला ठेवलेली नळी आता काढली आहे. तब्येत उतरली आहे, तोंड तेवढं पूर्वीसारखं चालतं. गुडघ्याचे हाल करून येऊ नका, पत्र लिहा. लोभ आहे, तसाच राहावा.

आपली,
भावजय


दि. १२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घरी आलो. हे पत्र पलंगावर, पाठीवर पडून लिहितोय, हे मुद्दाम कळवतो. सुई घालताना मी फार घाबरलो होतो. पाणी निघालं तसा श्वास भसकन आत गेला, तेव्हा कळलं की इतके दिवस मी धड श्वासच घेत नव्हतो. तुला गमतीत पत्रं लिहीत होतो, त्याची लाज वाटते. एवढं एकदा लिहितो, पुन्हा लिहायला लावू नकोस.

आता अडचण ऐक. तीन महिने गोळ्या, आणि डॉक्टरीणबाई सांगतील तोवर कामाला बंदी. दुकानाची किल्ली हिने कुठे दडवली आहे देव जाणे. चार भिंतींत डोकं फिरायची वेळ आली आहे. फक्त अर्धा तास जाऊ दे मला. ताठ बसेन, भिंगाला हात लावणार नाही, नुसता बसून येईन. तू परवानगी दिलीस तर ही नाही म्हणणार नाही. लवकर कळव, वाट पाहतो.

तुझा,
धाकटा


दि. १६ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक, अनेक उत्तम आशीर्वाद.

नाही.

पुढच्या पत्रात पाव तास मागशील, त्यालाही नाही. चष्मेवाल्याच्या दुकानात बसून आपलं दुकान नुसतं बघायचं म्हणशील, त्यालाही नाही. पण विचारत मात्र राहा. तुला दवाखान्यात नेल्यावर पहिले चार दिवस तू माझ्याकडे काहीच मागत नव्हतास, आणि मी या खोलीतून त्या खोलीत नुसती फिरत होते.

तुझी,
ताई