ओट्यावरचा टिफिन

प्रिय मामी,

तुमच्या वरच्या मजल्यावर राहायचा त्या निखिलनं तुमच्यावर मोबाइलवर लांबलचक लिहिलंय. फोटोही टाकलाय. केळीचं पान, त्यावर भाताचा ढीग, मधे खळं करून ओतलेलं सारू, कडेला अंबट भाजी. वर लिहिलंय, 'मामींच्या हातचा भात'. खाली ओळखीच्या-बिनओळखीच्या लोकांनी हात जोडलेत. ते वाचून माझा नुसता जळफळाट झाला. तुम्ही गेल्यापासून मी एक अक्षर लिहिलं नव्हतं. आज लिहितोय ते त्याच्यावर जळून. तुमच्याशी खोटं कशाला बोलू?

त्याचं लिहिणं इंजिनिअरचं. माझं सातवीतून उठलेल्याचं. सांभाळून घ्या.

मी तुमच्या मागच्या खोलीत राहायला आलो तो दिवस आठवतो का? आटपाडीकडचा मी, गलाईच्या कामाला आलेला. जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं काम. कोचीत टिकलो नाही, सेलममध्ये टिकलो नाही, तांबरमच्या बाजारात नवं दुकान धरलं होतं. घरमालकीण मराठी बोलते म्हटल्यावर मी उडालोच. पण कसली मराठी! तंजावरची, आमच्या गावच्या कीर्तनात ऐकलेली वाटावी अशी जुनी, आणि मधेच तमिळ. पहिलंच विचारलंत, "अप्पा, टिफिन झालं की?"

मी पिशवीतून डबा काढून दाखवला. आमच्याकडं टिफिन म्हणजे डबाच की, शाळेत न्यायचा. तुम्ही झाकण उघडून बघितलंत, रिकामा. आत गेलात आणि त्याच डब्यात इडल्या घालून आणल्यात.

मग कळत गेलं. इथं सकाळची इडली म्हणजे टिफिन, संध्याकाळचा उपमा म्हणजेही टिफिन. मुलगी बघायला पाहुणे आले तर त्यांच्यापुढं गोड-तिखट ठेवतात, तोही टिफिन. तुमची रक्तदाबाची गोळी टिफिनच्या आधी, पायाचं तेल टिफिननंतर. एका शब्दात एवढं सगळं मावतं, पण भात मावत नाही. भात आला की ते जेवण.

आणि जेवण असायचं आत, पान मांडून. रविवारी वरच्या मजल्यावरच्या निखिलला. मला रोज संध्याकाळी टिफिन, बाहेरच्या ओट्यावर. तुम्ही त्याला तिण्णै म्हणायच्या. ओट्याच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला तुम्ही, मांडीवर आपली थाळी घेऊन. पाण्याचा टँकर, तुमच्या लेकीचा, सुधाताईंचा न आलेला फोन, समोरच्या घरचा कुत्रा, सगळ्यांना नावं ठेवत तुमचा डोसा चालायचा. हसायचो मी, पण कान आत असायचे. आत काय शिजतंय, रविवारी निखिलला काय वाढणार?

एका रविवारी मी चपला घालत दारात थांबलो होतो आणि तो आत पानावर बसून तुम्हाला सांगत होता, की टिफिन हा शब्द इंग्रजांचा, जुन्या काळचा. मोबाइलवर बघून सांगत होता. म्हणे त्यांच्याकडं घोट घोट दारू पिण्याला आधी असं काहीतरी म्हणायचे. मग इथल्या साहेबांनी तो शब्द दुपारच्या हलक्या खाण्याला लावला. आता त्यांच्या देशात तो फारसा कुणी बोलत नाही. साहेब विसरला, आपण धरून बसलो. तुम्ही वाढता वाढता पदर तोंडाला लावलात. "अय्यो, म्हणजे जन्मभर मी दारू वाढत आले की काय?"

इतक्या हसलात! ओट्यावर माझ्याजवळ तुम्ही तशा कधी हसला होता? मी रोज ज्याच्यावर जगत होतो त्या शब्दाची गोष्टसुद्धा त्यानंच सांगावी?

तुम्ही मला आत बसवत नव्हतात, त्याचं कारण मला माहीत होतं. निखिल तुमच्यातला होता, मी नव्हतो. तुम्ही कधी वाकडा शब्द बोलला नाहीत. पण उंबरा होताच की मधे. एकदा न राहवून विचारलं, मामी, मला भात कधी? तुम्ही माझी ताटली पुढं सरकवलीत. "भात काय, कुणासही वाढते मी. खा, निवतंय." मला वाटलं, टाळलंत. आठवडाभर फुगून हॉटेलात जेवलो. तुम्ही चटणी दाराशी ठेवून जायच्या, मी ती खायचोही आणि फुगायचोही.

आणि मग ती सकाळ. उजाडून ऊन वर आलं तरी दारात तुमची रोजची रांगोळी, तो कोलम नव्हता. एवढ्यावरच मला कळलं. निजल्या जागीच गेला होता तुम्ही. कुणाला हाक तरी मारायची!

निखिल तोवर जर्मनीत गेला होता. तेराव्याला आला नाही. सुधाताई कोइंबतूरहून आल्या होत्या. त्यांनीच मला आत बोलावलं, पान मांडलं, भात वाढला. एवढी वर्षं ज्या भातावर डोळा होता तो समोर आला, मामी, आणि तो आचाऱ्याच्या हातचा होता. निखिलच्या फोटोतला भात मला आता कधीच मिळायचा नाही. ही जळजळ राहणार. तिला औषध नाही.

पण पुढचं ऐका. सुधाताई वाढता वाढता थांबल्या. म्हणाल्या, "अम्मा तुझ्याबरोबर बसून खायची म्हणे? शेजारी सांगत होते."

मी हो म्हटलं. रोज, ओट्यावर.

"बाबा गेल्यापासून ती कुणाबरोबर बसली नाही. सगळ्यांना उभ्यानं वाढायची, मागाहून एकटी खायची. माझ्याबरोबरसुद्धा नाही बसली."

त्यांच्या आवाजात काय होतं ते मी लगेच ओळखलं. दुसऱ्या कुणाचं ओळखलं नसतं, पण हे रोजचं माझंच होतं. त्या मुलगी असून माझ्यावर जळत होत्या. मी मान खाली घालून भात कालवत बसलो. निखिल पानावर आणि तुम्ही हातात पळी घेऊन उभ्या, हे मी दर रविवारी बघत होतो. मग दिसलं कसं नाही?

आज अमावास्या. तुम्हीच सांगितलं होतं, गेलेल्यांच्या नावानं या रात्री भात खायचा नाही, टिफिनवर भागवायचं. सुधाताईंना फोन करून विचारलं, मी पाळू का? त्या म्हणाल्या, आई-वडील हयात आहेत ना तुझे, मग तुझ्याकडं ते येत नाही. गावाकडं आईला विचारलं. ती म्हणाली, "एक दिवस भात नाही खाल्ला तर काय मरतोस? त्या बाईनं जेवू घातलंय तुला." आईनं परवानगी दिली म्हटल्यावर शास्त्राचं मी बघून घेईन.

तुमच्या दाराला कुलूप आहे. भाडेकरू येईपर्यंत ओटा मोकळा आहे. दिवे लागायच्या वेळी कोपऱ्यावरून इडल्या आणल्या आणि आपल्या टोकाला बसून खाल्ल्या. दुकानातली पोरं भाताला बोलवत होती, गेलो नाही.

माझं बूड एका जागी टिकत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. उद्या तांबरम सुटेल, आणखी कुठल्या तरी गावी भट्टीपुढं बसेन. पण जिथं असेन तिथं अमावास्येच्या रात्री भात खाणार नाही. शब्द देतो. आणि यातलं काहीही निखिलला सांगणार नाही. भाताचा फोटो त्याच्याकडं राहू दे. टिफिन आपल्या दोघांचा.

तुमचा,
ओट्याच्या अलीकडच्या टोकाचा
सागर